वैशाख, कुरडया आणि बर्फातला तो गृहस्थ

परवा खिडकीतल्या कूलरवरची ताडपत्री काढली. मागच्या वर्षीच्या वाळ्याच्या ताट्या काड्या-काड्या होऊन गळत होत्या. त्या टाकून नव्या बसवून घेतल्या, टाकी धुतली, पाणी भरले आणि बटण दाबले. आधी वर्षभराची धूळ अंगावर आली, मग ओल्या वाळ्याचा वास आला आणि मग तो आवाज सुरू झाला. आता मृग लागेपर्यंत अमरावतीच्या प्रत्येक घरात तो मोठ्या अधिकाराच्या माणसासारखा अखंड बोलत राहणार. त्याच्यापुढे दुसऱ्या कोणाचे काही ऐकू येत नाही. पुष्कळ संसार त्यामुळेच टिकले असावेत.

निहार, ईरा, तुम्ही राहता तिकडे कदाचित अजून बर्फ वितळत असेल. इथे सकाळीच रस्ते रिकामे होतात, कुत्री गाड्यांखाली शिरतात, आणि नळाचे पाणी हातावर घेतले तर चहाच करावासा वाटतो. वऱ्हाडात वैशाखातली दुपार ही जणू एक जागाच असते. तिच्यात शिरावे लागते, दार लावून घ्यावे लागते आणि संध्याकाळी डोक्याला ओला पंचा गुंडाळून बाहेर यावे लागते. मला मात्र वैशाख आला की बर्फच आठवतो. गुडघाभर, राखाडी, आणि त्यात एकटाच उभा राहून जिवाच्या आकांताने ओरडणारा एक गृहस्थ. हे वाचून ईरा काळजीत पडेल, म्हणून सविस्तर सांगते.

तुमचे आजोबा पौषात गेले. तेव्हा निहार आला होता. परत जाण्याआधी त्याने माझ्या फोनवर गाण्यांची सोय करून दिली: सकाळची भजने, जुनी भावगीते, आणि कानात घालायची ती बोंडे. त्याचे स्वतःचे खाते वापरल्यामुळे त्याच्या आवडीचा एक आल्बमही त्यात राहून गेला. तो मला पुढे वैशाखात सापडला. जेवण करून मी पडले होते, भावगीते संपली, आणि थोड्या वेळाने घरघर सुरू झाली. मला वाटले, कूलरची मोटर गेली. उठून कूलर बंद केला. घरघर चालूच. पंखा बंद केला. मग फ्रिज. शेवटी मीटरपाशी जाऊन मेन स्विच पाडला. संपूर्ण घर शांत झाले आणि त्या शांततेत, माझ्या दोन्ही कानांत, एक माणूस किंचाळला.

मी जमिनीवरच बसले. बोंडे काढून टाकायला हवी होती, पण का कोण जाणे, काढली नाहीत.

आज मी त्या आल्बमचे वर्णन माझ्या कोणत्याही विद्यार्थिनीपेक्षा बरे करू शकेन. सुरुवातीला फक्त आवाजाची भिंत असते. गिटारी इतक्या भराभर वाजतात की त्यांचे वेगळे सूर राहत नाहीत, पावसासारखे काहीतरी होते. माणूस दूर कुठेतरी असतो. पण आपण उठून गेलो नाही, तर हळूहळू त्या भिंतीच्या आत एक चाल दिसायला लागते. अगदी साधी, अंगाई म्हणता येईल इतकी साधी. कूलरच्या आवाजात नाही का, बराच वेळ पडून राहिले की कोणीतरी आपल्याला नावाने हाक मारते आहे असे वाटते? तसेच. फरक एवढाच की इथे खरोखर कोणीतरी असते. आणि मध्यावर सगळे एकदम थांबते. फक्त वारा, एक गिटार, आणि बर्फावरून चालल्याचा करकर आवाज. बाहेर भर वैशाख, आत मी, आणि माझ्या कानात कोणीतरी बर्फातून घरी निघालेले. त्या ठिकाणी मला प्रत्येक वेळी चादर घ्यावीशी वाटे. एकदा घेतलीही.

ढोल वाजवण्याची त्यांची पद्धत इतरांना भयंकर वाटते, हे मला माहीत आहे. मला नाही वाटत. माझे लहानपण धामणगाव रेल्वे या गावी गेले, आणि आमच्या घरामागे कापसाचे जिनिंग होते. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या लागत आणि यंत्रे सुरू होत. ती अशीच धडधडत, न थांबता, न दमता. त्या आवाजात आम्ही भावंडे पाढे म्हणायचो, भांडायचो, झोपायचो. रविवारी यंत्रे बंद असत तेव्हा मला झोप येत नसे, म्हणून आई म्हणायची, हिला एखाद्या जिनवाल्याच्याच घरी द्या. दिली प्राध्यापकाच्या घरी, शांत माणसाकडे. पुढचा सगळा जन्म शांततेत गेला. आणि म्हातारपणी एका परक्या देशातल्या पोराने माझे जिनिंग परत सुरू करून दिले.

या संगीताच्या प्रकाराचे नाव 'ॲटमॉस्फेरिक ब्लॅक मेटल' आहे, हे निहारने नंतर सांगितले. हवामान खात्याने हार्डवेअरच्या दुकानाला पाठवलेले पत्र असावे तसे ते वाटते. मुखपृष्ठावर धुक्यातले उंच झाडांचे रान आहे, आणि त्यावर कलाकाराचे नाव आहे म्हणतात. मी जन्मभर इंग्रजी शिकवले, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचल्या, तुमच्या आजोबांच्या सह्या ओळखल्या. पण ते नाव मला वाचता आले नाही. शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून चुलीसाठी रचून ठेवल्या की जसे दिसते, हुबेहूब तसे ते दिसते. शब्दही कळत नव्हते. मी डोळे मिटून ऐकले, डोळे उघडून ऐकले. मग निहारने शब्द पाठवले तर मी थक्क झाले. बर्फ, रिकामे घर, विझलेली शेगडी, गेलेले माणूस आणि त्याच्या पावलांचे ठसे. बाई गं, हे तर मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला वर्षानुवर्षे शिकवत होते! फक्त आमच्या अभ्यासक्रमातले कवी हे सगळे खालच्या आवाजात म्हणत.

"आजी, तू ते खरंच ऐकतेस?" निहारने व्हिडिओ कॉलवर विचारले, आणि तो इतका हसला की पडद्यावर फक्त त्याचे छत दिसायला लागले.

"रोज दुपारी. मला एवढंच सांग, हा गृहस्थ गुळण्या करतो का? त्याला ज्येष्ठमध कळवता येईल का?"

"आजी, मीसुद्धा आता ते ऐकत नाही. कॉलेजात असताना ऐकायचो."

"मग बाकीचे वाजवणारे कोण आहेत?"

"कोणी नाही. तो एकटाच आहे. गिटार, ड्रम, गाणं, रेकॉर्डिंग, सगळं एकट्यानेच करतो."

हे ऐकून मला त्याच्याबद्दल फारच आदर वाटला. घरातले सगळे एकट्यानेच करायचे म्हटल्यावर माणूस ओरडणारच.

आता मालूताईंकडे येते. मालूताई म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, अकोल्याची आत्याआजी. माझे लग्न झाले त्या वर्षापासून दर वैशाखात त्या अकोल्याहून आमच्याकडे येत आणि आमच्या गच्चीवर कुरडया घालत. दोन्ही घरांच्या. अकोल्याचे ऊन कुरडयांना जास्त चांगले, असे मी एकदा सुचवले होते. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "ऊन तं हाय, पन भाऊ कुठं हाय तिथं?" तर असा तो शिरस्ता.

आमच्या वऱ्हाडात माणूस गेले की बाया हेल काढून रडतात. नुसते डोळ्यांतून पाणी काढणे म्हणजे रडणे नव्हे. गेलेल्याचे नाते, त्याचे गुण, त्याने आणलेल्या वस्तू, आणि आता त्या कोण आणणार हा सवाल, हे सगळे सुरात यावे लागते. येणारी बाई फाटकापासून सुरू करते, घरातली तिच्या गळ्यात पडते आणि तिच्या सुरात सूर मिळवते. पौषात मालूताई अकोल्याहून आल्या त्या रीतसर फाटकापासून रडत आल्या. "माह्या भावा रे, मोठीच्या आधी कसा निंगाला रे..." मी पुढे झाले. आणि म्हणाले, "ताई, चप्पल इकडे काढा, तिथं ओलं आहे."

खरेच ओले होते. त्या घसरल्या असत्या.

त्या सगळ्या दिवसांत मी माणसांच्या चहाचे पाहिले, खुर्च्या उन्हात सरकवल्या, गुरुजींना जे लागेल ते हातात दिले. रडू आले नाही. म्हणजे होते, पण कुठल्या दाराने बाहेर काढायचे ते कळत नव्हते. तेरावे झाले, आणि निघताना मालूताई म्हणाल्या, "साऱ्या जगाले चा पाजला तुवं, प्रमिले. माह्या भावासाठी एक हेल नाही निंगाला तुह्या तोंडातून." त्या वैशाखात त्या आल्या नाहीत. फोन केला तर गुडघे दुखत होते. पुढच्या फोनला पाठ. मी बाजारच्या कुरडया आणल्या आणि गप्प बसले. पण खरे सांगते, त्यांच्याशिवाय त्या घरात मला सून म्हणून ओळखणारे कोणी उरले नव्हते. बाकी सगळ्यांची मी आई, आजी, नाहीतर मॅडम. त्या तुटल्या असत्या तर तुमच्या आजोबांच्या लहानपणाचा शेवटचा साक्षीदारही माझ्या हातून गेला असता. म्हणून त्याच्या पुढच्या वैशाखात मी ऊन लागू नये म्हणून कांदा पिशवीत टाकला, बडनेऱ्याला गाडी पकडली आणि अकोल्याला गेले. जाताना सबंध वाटभर तो गृहस्थ कानात होता. बाहेर काळी रिकामी रानं तापून थरथरत होती, आणि त्यांच्यावर बर्फ पडत होता.

मालूताई खाटेवर बसल्या होत्या. डोक्यावर ओला टॉवेल, हातात वाळ्याचा पंखा. वर छताचा पंखा फिरत होता, पण त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता.

"काहून आली वं एवढ्या उनात? मरा लागते का तुले?"

"तुम्हाला न्यायला आले. गहू भिजत घातलेत."

"माह्ये गुडघे दुखतात."

"मी गच्चीवर खुर्ची ठेवीन."

"खुर्चीवर बसून कुरोड्या होत असतात का कधी? शिकून सवरून बह्याडच राह्यली तू."

"मागच्या वर्षी बाजारच्या आणल्या, ताई."

पंखा थांबला. "तळल्या?"

"तळल्या."

"फुलल्या का?"

"नाही."

वर्षाच्या वर त्या चेहऱ्यावर मी समाधान पाहिले नव्हते, ते आता पाहिले. "फुलतीनच कशा?" त्या म्हणाल्या, आणि खाटेखालची पिशवी पायाने पुढे ओढली. "येतो. पन कुरोड्यासाठी येतो, प्रमिले. तुह्यासाठी नाही."

माझ्यासाठी तेवढे पुष्कळ होते.

कुरडयांच्या सकाळचा वास अजून माझ्या नाकात आहे. भिजून आंबूस झालेल्या गव्हाचा, शिजणाऱ्या चिकाचा, हिंगाचा. चीक शिजवणे हे काम नाही, ती झुंज आहे. उकळत्या पाण्यात धार सोडायची आणि लाकडी दांड्याने घोटत राहायचे. क्षणभर हात थांबला की गाठी. आणि शिजला की धावत गच्चीवर, कारण निवलेला चीक साच्यातून उतरत नाही. सूर्य नुकता वर आला होता. जुने धुतलेले लुगडे अंथरले होते. मालूताई गच्चीवर मांडी घालून बसल्या, गुडघ्यांचे नावही निघाले नाही. मी साचा भरत होते, त्या दाबत होत्या, आणि पांढरी वेटोळी एकामागून एक उतरत होती. आमच्यात एक शब्द नव्हता. सवयीने मी बोंडे कानात घातली.

"काढ त्या खुंट्या," मालूताई म्हणाल्या. "मले बी आयकू दे. मी काय भितीसंग बसू?"

"ताई, तुम्हाला नाही आवडणार."

"भजन हाय का?"

"नाही. एक माणूस ओरडतो."

"कोनावर?"

त्यांनीच ऐकलेले बरे. हात चिकाने भरलेले, म्हणून मी बोटाच्या कडेने बोंडे बंद केली, फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि तो रिकाम्या गंजात उभा करून ठेवला. आपल्याकडे फोनचा आवाज पुरत नसला की असे करतात. पितळेच्या मोठ्या गंजात मोबाईलचा लाऊडस्पीकर होतो. ही गोष्ट मला माहीत होती. त्या गंजात आमच्या वाड्यातल्या शंभर पानांचा भात शिजत असे, हेही माहीत होते. दोन्हींचा एकत्र विचार मी केला नाही.

भिंत सुरू झाली. गच्चीवरची कबुतरे उडाली. मालूताई साचा दाबत राहिल्या. मग गृहस्थ किंचाळले, गंज घुमला, आणि मालूताईंचा हात थांबला.

"कोन मेलं याचं?"

"काय?"

"हा रडून राह्यला नं वं. बाईमानूस असतं तं म्हनलं असतं, कोन्या गावची हाय. कोन मेलं?"

मी वर्षभर ऐकत होते. शब्द छापून घेतले होते. हा माणूस ओरडतो, किंचाळतो, गातो, असे मी सगळे म्हटले होते. रडतो असे मी एकदाही म्हटले नव्हते.

"माहीत नाही, ताई. त्याच्या घरातलं कोणीतरी."

मालूताईंनी आणखी थोडे ऐकले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. "मोठ्यानं रडते, पन कच्चा हाय. नाव नाही घेत, नातं नाही सांगत. अस्सं नुस्तं बोंबलून काय फायदा? गेलेल्याले कसं समजंन का माह्यासाठीच हाय म्हून?" आणि त्यांनी चिकाचे हात लुगड्याला पुसले, पदर डोक्यावर घेतला, आणि त्या परदेशी पोराला रीत शिकवायला सुरुवात केली. "असा कसा गेला रे माह्या भावा... मोर्शीच्या संत्र्याची पेटी कोन आनीन रे माह्यासाठी... टेसनावर कोन उभं राहीन रे, पिशी कोन घेईन रे हातातून..." सुरुवात शिकवण्याने झाली, पण दुसऱ्या ओळीलाच आवाज खरा झाला. खाली गिटारी, वर मालूताई, मध्ये तो. चाल जुळली. मी शपथेवर सांगते, चाल जुळली. मी साचा भरायचा विसरून तशीच बसले.

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली.

शेजारची वंदना पुढे होती, हातात चहाची मोठी किटली. जिथे माणूस गेले त्या घरात चूल पेटवत नाहीत, शेजार चहा आणतो, ही आपली रीत. तिच्या मागे गल्लीतल्या बाया, डोक्यावर पदर, तोंडे तयार. आणि सर्वांत शेवटी समोरचे इंगोले साहेब. गल्लीतली प्रत्येक अंत्ययात्रा तेच पार पाडतात आणि त्यांच्यासारखी व्यवस्था दुसऱ्या कोणाला जमत नाही. त्यांनी बांबूंचे सांगून ठेवले होते.

"मॅडम," वंदना हुंदका देत म्हणाली, "आत्या कधी गेल्या?"

मालूताईंनी पदर मागे केला. "कुठं?"

किटली जिन्यावर आपटली. फुटली नाही, एवढे बरे. गंजातला गृहस्थ मात्र चालूच होता. तो बर्फातल्या चालण्याचा शांत तुकडा आला होता, करकर, करकर, आणि सगळ्या बाया त्या गंजाकडे पाहत होत्या.

हळूहळू सगळे कळले. रडणे ऐकून वंदनाला वाटले, मी रडते आहे. "मॅडम, तुम्ही सरांच्या वेळी रडल्या नव्हत्या," ती म्हणाली. "म्हटलं, मॅडम रडल्या म्हणजे घरात भलतंच झालं. आणि आत्या कालच आलेल्या." तो पुरुष कोण, हे कोणी विचारले नव्हते. अशा वेळी कोण विचारतो? दूरचा कोणी नातेवाईक असेल, लवकर पोचला असेल.

"इंगोले साहेब," माझ्या मनात एकदम आले, "तुम्ही अकोल्याला तर कळवलं नाही ना?"

इंगोले साहेबांचा चेहरा पडला. "सर्वांत आधी कळवलं, मॅडम. प्रमोद निघाला."

प्रमोद मालूताईंचा मुलगा. त्याला लगेच फोन लावला. तो त्याच्या बायकोने उचलला. तीही रडत होती. प्रमोद फोन चार्जिंगला तसाच टाकून गाडी काढून निघाला होता.

करण्यासारखे काहीच नव्हते. तोवर उरलेला चीक निवून दगड व्हायला लागला होता, म्हणून मी कढईभर चीक दुधासाखरेत कालवून सगळ्यांना वाट्यांतून दिला, आणि आमच्या घरी शोकाला आलेली सगळी गल्ली गच्चीच्या सावलीत बसून चीक खाऊ लागली. वंदनाने आणलेला चहा मालूताईंनी स्वतः घेतला. "बरा झाला," त्या म्हणाल्या. "माह्या मौतीचा पैला कप मीच पेतो." मग त्यांनी आंघोळ केली, ठेवणीतले लुगडे नेसल्या, आणि मला म्हणाल्या, "वेणी घाल. पोरगं येऊन राह्यलं."

"ताई, आपण इंगोले साहेबांना कोपऱ्यावर उभं करू. ते प्रमोदला आधीच सांगतील. त्याला धक्का बसेल."

"सांगू द्या नं. पन लय घाई नोका करू. मले आयकू द्या, काय म्हन्ते तो."

इंगोले साहेब कोपऱ्यावर उभे राहिले, पण प्रमोद कोणाचे ऐकण्याच्या अवस्थेत नव्हता. गाडी अर्धी रस्त्यावर सोडून तो पळत आला. पन्नाशीचा, ढेरपोटा, खतांचा व्यापारी माणूस, आणि फाटकापासून त्याने जो हेल काढला, तो ऐकून मला माझ्या गृहस्थांची आठवण झाली. "आई वं! माहे आई! सकाळी फोन नाही केला वं मी तुले... कोन शिव्या देईन वं आता मले..."

मालूताई ओट्यावर खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकत होत्या.

"माह्या हातची भाजी कोनाले आवडंन वं..."

"ते नोको सांगू," मालूताई डोळे न उघडता म्हणाल्या. "तुह्या हातची भाजी मले कधीच नाही आवडली."

प्रमोद थबकला. आईकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा आईकडे. मग त्याचा चेहरा लालबुंद झाला. "तू जिती हायस?"

"तुले वाईट वाटलं का?"

तो पायरीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. या वेळी सूरबीर काही नव्हता. मालूताई त्याच्या डोक्यावर हात फिरवत होत्या, आणि त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती. "चांगला रडला," त्या सगळ्यांना सांगत होत्या. "शिकवला नव्हता मी, तरी चांगला रडला."

दुपारी गल्ली पांगली. प्रमोदला पाणी पाजले, वाढले, आणि जेवताना तो जे धरून बसला ते एकच. आईला तो आत्ताच्या आत्ता अकोल्याला घेऊन जाणार. "मामी, हे असं आंगावर काटा आननारं गानं तुमच्या घरी कशाले लागते? इथं राहून तिचं खरंच काही झालं तं?" मी त्याला भात वाढत राहिले. तो मुलगा होता, आणि त्या माझ्याकडे कुरडयांसाठी आल्या होत्या. कुरडया तर अर्ध्यावरच राहिल्या होत्या. पुढच्या वर्षी मी कोणत्या तोंडाने त्यांना आणायला जाणार होते?

मालूताई कूलरसमोर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावले.

"खरं सांग. हा बुवा रोज रडते का तुह्या घरी?"

"रोज दुपारी."

"केव्हापासून?"

"हे गेले त्याच्या पुढच्या वैशाखापासून."

"अन् तू काय करते तवा?"

"पडून असते. ऐकते."

मालूताईंनी पसरलेले पाय जवळ घेतले. "म्हंजे," त्या म्हणाल्या, "तुवं रडाले मानूस ठेवला."

इतक्या वर्षांत इंग्रजी समीक्षेची मी कितीतरी पुस्तके वाचली. त्या आल्बमबद्दल इतके नेमके माझ्याकडून कधीच लिहून झाले नसते. मी मान डोलावली.

"मंग सांगा लागत होतं नं मले, वं बाई. मी अकोल्यात साऱ्याईले सांगत फिरलो का माही भावजय दगड हाय म्हून." त्यांनी प्रमोदकडे वळून पाहिले. "तू जाय. गाडी घे अन् जाय. मी नाही येत."

"आई!"

"मेली मानून एकडाव रडला नं? झालं तुहं काम. प्रमिले, घरात आनखी गहू हायेत का?"

गहू होते. त्याच संध्याकाळी भिजत घातले.

चीक पुन्हा तयार झाला त्या सकाळी आम्ही आधी खबरदारी घेतली. वंदनाला सांगितले, इंगोले साहेबांना सांगितले, आणि प्रमोदला फोन करून सांगितले की आज तुझी आई रडणार आहे, घाबरू नको. फोन गंजात उभा राहिला. भिंत उठली, गृहस्थ आले, मालूताईंनी आपल्या भावाला हाक मारली. संत्र्याची पेटी, टेसन, पिशवी. मग त्या थांबल्या, आणि साच्यावर हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "आता तू."

"मला येत नाही, ताई."

"त्याले तरी कुठं येते?"

मागच्या बाकावरच्या मुलीलाही ऐकू जावे अशा आवाजात मी आयुष्यभर शिकवले. आता तोंड उघडले तर काहीच येईना. नाव कधी घेतले नव्हते. गुण सांगायला सुरुवात कुठून करायची? मग एकच शब्द निघाला. "अहो." चहा निवत चालला की आतल्या खोलीकडे पाहून म्हणायची, तसाच. मालूताईंनी मानेनेच खुणावले, पुन्हा म्हण. "अहो!" आणि मग तिसऱ्यांदा मी जी हाक मारली, तिच्यात आवाज कुठे संपला आणि दुसरे काय सुरू झाले हे मला सांगता येणार नाही. कबुतरे उडाली. हात चिकाचे होते म्हणून डोळे पुसता आले नाहीत, आणि ते बरेच झाले.

खाली वंदनाच्या स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. वर कोणी आले नाही.

"हेल काही जमला नाही तुले," मालूताई म्हणाल्या. "पन आयकू गेला असंन त्याले." त्यांनी साचा माझ्या पुढ्यात सरकवला. "दाब आता. चीक निवून राह्यला."